दोरी आमच्या वावरात पडली

पुणे, ६ मे २०१८

बाबा,

तीन वेळा माझा फोन कापलात, म्हणून हे पत्र. पोस्टमनने हातात दिलेलं पाकीट तुम्ही न वाचता ठेवत नाही. सोसायटीची साधी नोटीस आली तरी ओसरीवर बसून दोनदा वाचता. हे पत्रही तसंच वाचा, आणि रागाने फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

खुशाली विचारत नाही. ती आईकडून कळते.

आधी मी इथे काय करते ते सांगते. 'पोरगी विमा कंपनीत साहेब झाली' असं तुम्ही गावात सांगत असता म्हणे. साहेब वगैरे काही नाही. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं की सुटीत दोन महिने शिकाऊ म्हणून घेतात, तशी मला घेतली आहे. गळ्यात पट्टा आहे, त्यावर फोटो आहे, आणि मे महिन्यात मी शाल पांघरून बसते इतका इथला एसी गार आहे. या कामाला ॲक्च्युरियल म्हणतात. कुणाचं नुकसान होण्याची शक्यता किती आणि त्यासाठी विम्याचा हप्ता किती लावायचा, याचं हे गणित. आयुर्विम्यात माणूस कधी मरेल याचा अंदाज बांधतात, आमच्या विभागात पीक कधी मरेल याचा. माझ्या वरिष्ठ नयन मॅडम आहेत. हुशार बाई, बोलायला तुटक. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तू यवतमाळची ना? मग कापूस तुझ्याकडे."

मला आनंद झाला होता, बाबा. खरंच झाला होता. वाटलं, आपल्या मातीचं काहीतरी आपल्या हाती आलं.

आता नीट वाचा. पीक विम्यात एकेकाचं वावर पाहून नुकसान ठरवत नाहीत. अख्ख्या महसूल मंडळाचं मिळून एकच सरासरी उत्पन्न काढतात. ती सरासरी ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेली तर मंडळातल्या प्रत्येक विमा काढलेल्या शेतकऱ्याला भरपाई. वर राहिली तर कुणालाच नाही. आणि ही सरासरी काढण्यासाठी मंडळात दहा वावरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात. त्या वावरात दोरीने चौकोन आखायचा, प्रत्येक वेचणीला त्या चौकोनातला कापूस वेगळा वेचायचा आणि तोलायचा. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. तुम्ही गावच्या समितीवर प्रगतशील शेतकरी म्हणून आहात, त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

आपल्या मंडळात मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. तरी आपलं मंडळ उंबरठ्याच्या वर राहिलं. कसं? मी आलेख काढला. नऊ ठिपके अगदी तळाला आणि एक ठिपका आभाळात. त्या एका ठिपक्याने सरासरी वर ओढली, थोडक्यात, पण ओढली. तो ठिपका आपल्या गावचा आहे. नाव उकंडाकाकांचं आहे.

उकंडाकाकांच्या बरडावर, जिथे दोन वितीखाली दगड लागतो, तिथे एवढा कापूस कधी झाला होता?

बाबा, ती दोरी त्यांच्या वावरात पडलीच नाही. हे मला कुठल्या कागदाने सांगितलं नाही, तुम्हीच सांगितलंत. दिवाळीला मी आले होते तेव्हा मामांना हसत हसत सांगत होतात. आपल्या वावरात सीतादहीचा दिवस होता. आईने पऱ्हाटीला हळदकुंकू लावून दहीभात ठेवला होता, पहिली वेचणी सुरू व्हायची होती, आणि प्रयोगाचे साहेब लोक दोरी घेऊन आपल्या बांधावरून बरडाकडे निघाले होते. सीतादहीच्या दिवशी आपल्या वावरातून कुणी उपाशी गेलेलं नाही, ही आजोबांपासूनची रीत. तुम्ही त्यांना बसवलं, दहीभात, वडे, वर कढी. जेवण झालं, ऊन झालं, बरडाच्या वाटेवर नाल्याचा चिखल. मग तुम्ही म्हणालात, "आता कुठी जाता साहेब त्या बरडावर? तिथं पाह्यासारखं काय हाय? इथंच टाका दोरी." आणि त्यांनी टाकली. मामा हसले. मीही हसले असेन, तेव्हा मला काय कळत होतं!

आता कळतं. तुमच्या त्या एका कढीपायी अख्खं मंडळ बसलं.

उकंडाकाकांच्या अश्वजितने गावकऱ्यांच्या सह्या घेऊन हरकत दाखल केली आहे. सात जूनला यवतमाळला सुनावणी आहे. दोरी दुसरीकडे टाकली हे त्या दिवशी हजर असलेल्या समितीच्या माणसाने सांगितलं तरच फेरविचार होईल. साहेब लोक सांगणार नाहीत, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. उरलात तुम्ही. एवढंच सांगायला मी फोन केला होता आणि तुम्ही म्हणालात, "तू कंपनीची हायेस का गावाची, थे पह्यले ठरव," आणि फोन ठेवलात.

मी ठरवलं आहे. तुमचं काय?

उर्वशी


पुणे, १७ मे २०१८

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. आईचा फोन आला, तोही शेजारच्या बेबीताईंच्या मोबाइलवरून. म्हणजे आता माझ्याशी बोलायला आईला चोरून जावं लागतं. छान.

आईने तुमचं म्हणणं सांगितलं: "तुहे बाबा म्हणते, पाहुण्याले उपाशी धाडाव काय? म्या जेवू घातलं, लाच नाही देल्ली. कायले एवढं डोक्यावर घेऊन राह्यली हे पोरगी?"

जेवू घालण्याबद्दल मी काही बोलले का? शंभर वेळा घाला. जेवून झाल्यावर त्यांना हात धरून नाला ओलांडून द्यायचा होता. तुम्ही नाही का आर्णीच्या बाजारात लोकांना हिंमतीने सांगत, की आपलं गाव सरळ आहे? मग सरळ गावाने सरळ बरडावर जायचं होतं.

तुम्हाला बरड दाखवायची लाज वाटली, हे खरं कारण आहे. मुलगी पाहायला पाहुणे आले की तुम्ही फुटकी कपबशी मागे ठेवता, तसं तुम्ही उकंडाकाकांचं वावर मागे ठेवलं. हे पाहुणे मुलगी पाहायला आले नव्हते, बाबा. ते फुटकी कपबशीच पाहायला आले होते!

तुमच्यावर एकट्यावर चिडून भागत नाही, इथेही चिडायला पुष्कळ आहे. मी नयन मॅडमना सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं की हा एक ठिपका चुकीचा आहे, काढून टाकायला हवा. त्यांनी चष्मा वर केला. "वर आहे म्हणून चुकीचा?" मी म्हटलं, तिथली जमीन मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "उर्वशी, तुझी ओळख हे कारण होत नाही. आकडा सरकारकडून सहीनिशी आला आहे. आपण तो वापरतो, बनवत नाही." मी म्हटलं, हाच आकडा इतका खाली असता तर? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. शेजारी बसणारा नितीश मात्र हसून बोलून गेला की खाली असता तर आपण उपग्रहाचे फोटो मागवले असते. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो कॉफी आणायला गेला.

दुपारच्या बैठकीत भिंतीवर विदर्भाचा नकाशा लावला. जिथे भरपाई द्यावी लागली ती मंडळं लाल, जिथे नाही ती हिरवी. चारी बाजूंनी लाल आणि मधे आपलं मंडळ हिरवंगार. एका मोठ्या साहेबांनी विचारलं, इथे काय वेगळं आहे, पाणी आहे का, की शेतकरी जास्त प्रगत आहेत? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिथली म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हो साहेब, एक शेतकरी फार प्रगत आहे, तो माझा बाप आहे.

वहीत मान घातली. पुढच्या वर्षीचे हप्ते ठरवण्यासाठी त्यांनी तोच हिरवा रंग पुढे वापरायला सांगितला आणि तो माझ्याच हातून भरून घेतला. शिकाऊ माणसाला हेच शिकवतात, की आलेल्या आकड्याला प्रश्न विचारायचा तर पुरावा आण, नाहीतर मुकाट्याने रकाना भर. मॅडम चुकीचं बोलत नाहीत, याचा तर आणखी राग येतो. पुरावा आहे. तो गावात ओसरीवर पेपर वाचत बसला आहे.

आई म्हणाली की अश्वजित सह्यांसाठी घरी आला होता तेव्हा तुम्ही त्याला उभ्यानेच वाटेला लावलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. साहेबांना कढी आणि अश्वजितला पाणी नाही. हीच का आजोबांची रीत?

तुमचं उत्तर हवं आहे. आईच्या तोंडून नको, तुमच्या हातचं.

उर्वशी


पुणे, २८ मे २०१८

बाबा,

आज रागात लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

मागच्या पत्रात मी समजत होते की दोरी आपल्या वावरात पडली, आपल्याकडे विहिरीचं पाणी आहे, म्हणून आकडा वर गेला. तेवढीच चूक, तीही दहीभाताच्या नादात. मी आतल्या आत तुम्हाला थोडी माफीही देत होते. काल बसून आपल्या वावराचा हिशोब केला. बाबा, त्या चौकोनातून जेवढा कापूस निघाला म्हणून लिहिलं आहे, त्या मानाने आपल्या अख्ख्या वावरात जे पिकायला हवं होतं तेवढं आपल्याकडे फक्त सुकाळाच्या सालीच पिकतं. आणि मला आठवलं, संक्रांतीला मी आले तेव्हा वरची खोली रिकामी होती. दर साली त्या खोलीत कापूस छताला लागतो, दार उघडलं की अंगावर येतो. यंदा तिथे आईने पापड वाळत घातले होते. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, भाव बरा होता, लवकर विकला.

मी बेबीताईंच्या मोबाइलवर आईला फोन केला. सरळ विचारलं, आपल्या वावरात अळी होती का?

ती रडायलाच लागली. म्हणाली, "बाई, पह्यली वेचणी तेवढी बरी झालती. मंग सारं गेलं. बोंड फोडलं का आत गुलाबी किडे. तुहे बाबा दिवसभर वावरात बसून राहे, घरी येऊन कोणासंगं बोले नाही." मी विचारलं, मग दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीचं वजन कुणी केलं? साहेब आलेच नाहीत म्हणे. त्यांनी फोन केला, भाऊ तुमच्या घरचंच वावर आहे, तुम्हीच तोलून आकडा सांगा. आणि तुम्ही सांगितलात. आई म्हणाली, "म्या भाकर टाकून राह्यलती. थे फोनवर आकडा सांगे न म्या ऐकलं. तव्यावरची भाकर करपली माही."

तुम्ही चांगल्या सालचा आकडा सांगितलात. वावर किड्यांनी पोखरलेलं आणि तुमच्या तोंडी चांगल्या सालचा आकडा! का? कुणी विचारलं होतं? कोण तुमच्यावर हसणार होतं?

का ते मला माहीत आहे, तरी लिहिते. ते बियाणं तुम्ही सांगितलं होतं. मृगाच्या आधी पारावर बसून तुम्हीच म्हणालात की यंदा हेच लावा, मी तालुक्याला माहिती काढून आलो आहे. गावाने डोळे मिटून लावलं. पुंडलिकरावांनी लावलं म्हणजे विषय संपला. उकंडाकाकांनीसुद्धा तेच लावलं. मग अळी पडली आणि तुम्हाला वाटलं, सगळ्यांचं जळालं तर जळू दे, माझं जळालं हे दिसता कामा नये. त्यांचं गेलं ते बरडामुळे, फवारणी चुकल्यामुळे, नशिबामुळे. प्रगतशील शेतकऱ्याचं बरोबरच होतं.

बाबा, अळी काही तुम्ही आणली नव्हती. सगळ्या विदर्भात पडली. तुमचं बियाणं चुकलं असं कुणी म्हटलं असतं तर एक दिवस म्हटलं असतं, दुसऱ्या दिवशी तुमच्याच ओसरीवर चहाला आले असते. तेवढा एक दिवस तुम्हाला सोसवला नाही.

मी लहानपणापासून ऐकत आले, पुंडलिकरावांची पोरगी, पुंडलिकरावांची पोरगी. त्या नावावर मला आर्णीच्या शाळेत पुढचा बाक मिळाला. गणितात पैकीच्या पैकी पडले तर सर म्हणाले, बाप कुणाचा आहे! आज मला त्याच बापाचा इतका राग आला आहे की समोर असतात तर ताट भिरकावलं असतं. आणि तुम्ही एकटे वावरात दिवसभर बसून राहात होता हे ऐकून रडूही आलं, त्याचा वेगळा राग आहे.

सात तारखेला जा. दोरीचंही सांगा आणि वजनाचंही सांगा. अजून उशीर झालेला नाही.

उर्वशी


(गावाहून, ता. २ जून)

चि. उर्वशीस आशीर्वाद.

तुही तिन्ही पत्रं भेटली. बापाले एवढं लिहासाठी तुले शिकवलं नव्हतं. तुह्या आईनं जे सांगतलं थे सांगायले नाही पाह्यजे होतं, तिले म्या समजावलं हाय.

तू म्हणतेस तसं म्या सभेत बोललो तर साहेबावर कारवाई होईन, थो लेकरावाला माणूस हाय. अन् मले गावात कोण इचारन? तीस साल लोकं माह्या शब्दावर पेरणी करून राह्यले. थो शब्द तुह्या गणितानं मोजता येत नाही. उकंडाचं म्हणशीन तर थो स्वता माह्याजवळ येऊन बोलला का भाऊ, पोरगा ऐकत नाही, तुमी मनावर घेऊ नका. ज्याचं वावर हाय त्याची तक्रार नाही, मंग तुले काहून एवढं लागलं?

तुह्या नोकरीचं पाह्य. कंपनीले समजलं का तू गावच्या बाजूनं कागद पुरवून राह्यली, तर तुले ठेवतीन काय? सुनावणीले येऊ नको. तिथं तुह्यं काम नाही.

जेवत जाय.

पुंडलिकराव


यवतमाळ, ८ जून २०१८

बाबा,

तुमचं पत्र सहा तारखेला दुपारी हाती पडलं आणि संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. येऊ नको लिहिलं नसतं तर कदाचित आले नसते. मॅडमना रजा मागताना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंपनीचा कुठलाही कागद नेऊ नकोस, आणि माझी शिकाऊ म्हणून तिथे तोंड उघडू नकोस. मुलगी म्हणून काय करायचं ते तू ठरव." मी एकही कागद नेला नाही. न्यायची गरजही नव्हती.

काल तुम्ही मला पाहिलंत आणि ओळख दिली नाहीत. मागच्या रांगेत मी अश्वजितशेजारी बसले होते. तुम्ही पुढे, समितीच्या बाजूच्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून. गावची माणसं भिंतीला टेकून उभी होती.

काय झालं ते तुम्ही पाहिलंतच, तरी लिहिते, कारण तुम्ही ते उद्या वेगळं सांगाल. सुनावणीच्या साहेबांनी आधी तुम्हाला विचारलं, प्रयोग कुठे घेतला. तुम्ही म्हणालात, "कागदावर हाय तिथंच." एवढंच. धड खोटं नाही, धड खरं नाही. मग त्यांनी उकंडाकाकांना पुढे बोलावलं. दोरी तुमच्या वावरात टाकली होती का, हो की नाही?

काकांनी आधी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली पाहत होतात. एकदा, बाबा, फक्त एकदा मान वर केली असतीत तर ते खरं बोलले असते. मला दिसत होतं, ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "हो साहेब. माह्याच वावरात."

अश्वजित उठून उभा राहिला, "बाबा, काय बोलून राह्यले तुमी?" त्याला बसवलं. मीही उठले. साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण, प्रयोगाच्या वेळी हजर होता का? नव्हते. मग बसा. ज्याच्या नावाचं वावर तोच म्हणतो आहे, आता राहिलं काय! हरकत फेटाळली. पुढचा अर्ज पुकारला.

अख्ख्या मंडळाचा हक्क एका 'हो साहेब'मध्ये गेला आणि तुम्ही खुर्चीत बसून राहिलात. मला वाटलं होतं की खोटं बोललात तर मी तुमचा तिरस्कार करेन. तुम्हाला खोटं बोलावंच लागलं नाही. ते तुम्ही दुसऱ्याकडून बोलवून घेतलंत, तेही ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून.

बाहेर टपरीवर तुम्ही काकांच्या पाठीवर हात ठेवलात. "घे उकंडा, चहा घे." त्यांनी घेतला. मी पलीकडे एसटीच्या आडोशाला उभी होते, सगळं ऐकू येत होतं. काका विचारत होते, "भाऊ, यंदा कोणतं लावाव?" आणि तुम्ही सांगत होतात, बाबा. तुम्ही यंदाच्या बियाण्याचं नाव सांगत होतात! पिशवीचा रंगसुद्धा सांगितलात.

तुम्ही गेल्यावर मी काकांना गाठलं. त्यांना घेऊन बाकावर बसले. खूप बोलले, वेडंवाकडं बोलले. म्हटलं, काका, खोटं का बोललात? तुमच्या एकट्याचं नव्हतं ते, सगळ्यांचं होतं. ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. म्हणाले, "भर सभेत पुंडलिकभाऊले खोटं पाडू काय बाई? अश्वजितच्या मायले बरं नव्हतं तई याच माणसानं रातोरात जीप काढून यवतमाळले आणलं होतं. अश्वजितले नाही आठवत थे, मले आठवते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही काका, त्या सालच्या बियाण्यात बाबांचंही काही राहिलं नव्हतं. आमच्याही वावरात अळी होती. त्यांनी आकडा फोनवर मनाने सांगितला. ज्याला तुम्ही वाचवलंत त्याने तुम्हाला हेसुद्धा सांगितलं नाही.

ते हसले. मला कळेना काय झालं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वावरातला कापूस वेचाले कोण जाते? आमच्याच घरच्या बायका ना. अश्वजितची माय जाते, मानीबाई जाते, साऱ्या जाते. त्यायनं नाही पाह्यली का बोंडं फोडून? दुसऱ्या वेचणीच्या पह्यल्याच दिशी घरी येऊन सांगतलं का भाऊचंही गेलं."

मी विचारलं, म्हणजे किती जणांना माहीत आहे?

"गावाले माहीत हाय," ते म्हणाले. "भाऊले सांगू नको पण. त्यायले वाटते का कोणाले माहीत नाही. राहू दे तसंच. कायले त्यायचा जीव दुखवाव?"

बाबा, मी त्यांना वचन दिलं नाही, म्हणून सांगते आहे. तुमच्या वावरातून टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांना त्याच दिवशी कळलं. त्यांनी घरी सांगितलं, घरच्यांनी पारावर सांगितलं, आणि तुम्ही पाराजवळून गेलात की सगळे गप्प झाले. तेव्हापासून ते गप्प आहेत. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपली भरपाई आणि काल आपलं तोंडसुद्धा गमावलं. बियाणंही ते तुम्हाला पुन्हा विचारणार आहेत, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. लावतील दुसरं. काकांनी तेही मला सांगितलं.

राज्याच्या समितीकडे अपील करायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. अश्वजित रविवारी अर्ज घेऊन तुमच्या ओसरीवर येईल. समितीतला साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल, दोरीबद्दल आणि वजनाबद्दल. मी पुण्याला परत चालले आहे, माझे तीन आठवडे उरले आहेत आणि ते मी पुरे करणार आहे. या वेळी मी येणार नाही आणि आईलाही मधे घालणार नाही.

तुम्ही लिहिलंत की सभेत बोललो तर गावात मला कोण विचारेल. गावाला सगळं माहीत आहे, बाबा. उकंडाकाकांना, मानीबाईला, अश्वजितला, आईला, मला, सगळ्यांना. आता हे कुणापासून लपवायचं उरलं आहे, तेवढं सांगा.

उर्वशी